उसन्या गाण्यांची हौस : लिव्हरपूलमधील एका तबकडीची गोष्ट

१/ जुलै १९५८. लिव्हरपूल शहरातील केन्सिंग्टन या रस्त्यावरच्या ३८ क्रमांकाच्या घरात पाच मुले आपापली वाद्ये सांभाळीत शिरली. घरमालक पर्सी फिलिप्स यांचे विजेच्या वस्तूंचे दुकान होते आणि त्याच घरात त्यांनी ध्वनिमुद्रणाची एक लहानशी खोली थाटली होती. पैसे द्यावेत, गावे आणि आपल्या आवाजाची तबकडी घेऊन घरी जावे, असा तिथला साधा व्यवहार होता.

२/ मुलांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते. त्यांनी गायलेले पहिले गाणे त्यांचे नव्हतेच. ‘दॅट’ल बी द डे’ हे बडी होली आणि त्याच्या ‘क्रिकेट्स’ या वाद्यवृंदाचे गाणे १९५७ साली अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाजले होते. दुकानात त्याची मूळ तबकडी मिळत होती, आणि ती या मुलांच्या तबकडीहून कितीतरी सरस होती.

३/ मग हा खटाटोप कशासाठी? जे गाणे विकत मिळते, ते पदरचे पैसे खर्चून स्वतःच्या कच्च्या आवाजात पुन्हा मुद्रित करण्यात कोणता आनंद असतो? आजच्या धाग्यात या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. त्यासाठी आधी लिव्हरपूल सोडून अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, तीस वर्षे मागे जावे लागेल.

४/ १९२९च्या सुमारास लिटल रॉक शहरातील ‘रॉक आयलंड’ रेल्वे कंपनीच्या कारखान्यात क्लॅरेन्स विल्सन नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार इंजिने पुसण्याचे काम करीत असे. कंपनीची जाहिरात व्हावी म्हणून कामगारांच्या गायन-चौकड्या उभ्या केल्या जात. विल्सन अशाच एका चौकडीत होता. ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे तिथे जन्मले. मूळ रूपात ते रेल्वेचे आणि कारखान्यातील सहकाऱ्यांचे कौतुक करणारे होते.

५/ १९३४ साली लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स ध्वनिमुद्रणयंत्र मोटारीत घालून दक्षिणेतील तुरुंग पालथे घालीत होते. आर्कान्साच्या कमिन्स तुरुंग-शेतावर केली पेस आणि त्याच्या सोबतच्या कैद्यांकडून त्यांनी हेच गाणे मुद्रित केले. पाच वर्षांत ते कारखान्यातून तुरुंगात पोहोचले होते आणि वाटेत त्याचे शब्द बदलले होते.

६/ लोमॅक्स यांच्यासोबत त्या दिवसांत हडी लेडबेटर होता. नुकताच लुइझियानाच्या तुरुंगातून सुटलेला, बारा तारांची गिटार वाजवणारा हा गायक पुढे ‘लेड बेली’ या नावाने जगाला ठाऊक झाला. त्याने कैद्यांचे गाणे ऐकले, उचलले, त्याला आपली लय दिली. आगगाडीचा चालक नाक्यावरच्या माणसाला गंडवून जकात कशी चुकवतो, याचे बोलके निवेदन त्याला जोडले. म्हणजे ‘मूळ’ म्हणून जगाने पुढे जे ऐकले, तेही उसनेच होते.

७/ लेड बेली डिसेंबर १९४९ मध्ये निवर्तला. पुढच्या घटना त्याला पाहायला मिळाल्या नाहीत.

८/ आता लंडन. १३ जुलै १९५४ रोजी ख्रिस बार्बर यांच्या जॅझ वाद्यवृंदाचे डेका कंपनीत ध्वनिमुद्रण चालू होते. या वृंदात लॉनी डॉनेगन नावाचा ग्लासगोत जन्मलेला तेवीस वर्षांचा बँजोवादक होता. कार्यक्रमांच्या मध्यंतरात तो गिटार घेऊन अमेरिकन लोकगीते गाई. या प्रकाराला ‘स्किफल’ म्हणत. त्या दिवशी त्याने ‘रॉक आयलंड लाइन’ गायले. साथीला बार्बरचा डबल बास आणि बेरिल ब्रायडनचा वॉशबोर्ड, म्हणजे कपडे घासायचा खाचांचा पत्रा. एवढाच सरंजाम.

९/ कंपनीला या गाण्याचे फारसे काही वाटले नसावे, कारण स्वतंत्र तबकडी निघायला १९५५चा शेवट उजाडला. १९५६च्या जानेवारीत मात्र ती खपाच्या यादीत शिरली आणि पहिल्या दहांत गेली. पुढे अमेरिकेतही तसेच झाले. डॉनेगनला मिळाले होते ते त्या सत्राचे ठरीव मानधन. रॉयल्टी नाही. आणि लिटल रॉकच्या क्लॅरेन्स विल्सनचे तर नावही ही तबकडी विकत घेणाऱ्यांना माहीत नव्हते.

१०/ इथे जरा थांबावे असे वाटते. दुसऱ्याचे गाणे गाण्यातल्या आनंदाविषयी लिहिताना हा हिशेब टाळणे बरे दिसणार नाही. हौशी मुलगा घरच्या खोलीत गातो तेव्हा कोणाचे काही हिरावून घेत नाही. पण त्याच गाण्याची तबकडी बाजारात येते, तेव्हा नाव कोणाचे लागते आणि पैसा कोणाकडे जातो, हे प्रश्न उभे राहतात. कृष्णवर्णीय कामगार आणि कैद्यांच्या बाबतीत त्यांची उत्तरे बहुधा अन्यायाचीच होती.

११/ ‘कव्हर’ हा शब्दसुद्धा बाजारातूनच आला आहे. एका कंपनीचे गाणे चालू लागले की दुसरी कंपनी घाईघाईने आपल्या गायकाकडून तेच गाणे गाऊन घेई आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वळवी. आपल्याकडे दिवाणखान्यात पेटी काढून नाट्यपदे म्हणणाऱ्या पिढीला या शब्दाची गरज कधी भासली नाही. पद आवडले की ते म्हणायचे, यात वेगळे नाव देण्याजोगे काय होते?

१२/ त्या मंडळींसाठी मराठीत शब्द आहे ‘हौशी’. त्यात हौस आहे. इंग्रजीतल्या ‘ॲमेच्युअर’च्या मुळाशीही लॅटिनमधला ‘प्रेम करणे’ हाच धातू आहे. भारतातील सुरुवातीच्या तबकड्यांवर हा शब्द कलाकाराच्या नावापुढे अभिमानाने छापलेला आढळतो. चित्तरंजन दास यांच्या भगिनी अमला दास यांनी रवींद्रनाथांची गाणी मुद्रित केली ती ‘मिस दास, ॲमेच्युअर’ या नावाने. आपण पेशेवर गाणाऱ्या बाई नव्हे, घरंदाज आहोत, हे त्या एका शब्दातून सांगितले जाई. ‘हौशी’ म्हणजे कच्चा, हा अर्थ तिथे अभिप्रेत नव्हता.

१३/ डॉनेगनने ब्रिटनमधील मुलांना काय दिले, असे विचाराल तर मी म्हणेन, धीर. अमेरिकन जॅझ वाजवायला शिक्षण लागे, महागडी वाद्ये लागत. स्किफलला गिटारवरचे दोनतीन कॉर्ड पुरत. बाकी वाद्ये घरातच होती. आईचा वॉशबोर्ड आणि तो खरवडायला बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने.

१४/ बासचे वाद्य तर आपल्याही ओळखीचे. भारत आणि सिलोनचा चहा ज्या प्लायवूडच्या खोक्यांतून विलायतेला जाई, ते रिकामे खोके उपडे घालायचे, त्याला झाडूचा दांडा टेकवायचा, दोहोंमध्ये एक दोरी ताणायची. दांडा मागे-पुढे केला की दोरीचा ताण बदले आणि स्वर खालीवर होई. नेमका स्वर लागेलच याची हमी नसे. ठेका मात्र मिळे.

१५/ १९५७पर्यंत ब्रिटनमध्ये अशी तीस ते पन्नास हजार टोळकी वाजवीत होती, असा अंदाज सांगितला जातो. आकडा कोणी मोजलेला नाही, पण अर्धा धरला तरी तो अफाट आहे. शाळांत, चर्चच्या सभागृहांत, तळघरातल्या कॉफीघरांत हीच मुले, हीच वाद्ये आणि जवळपास हीच पंधरावीस गाणी.

१६/ गिटार मिळवणे मात्र सोपे नव्हते. महायुद्धानंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. लिव्हरपूलच्या जॉन लेननची सुरुवातीची ‘गॅलोटोन’ गिटार दक्षिण आफ्रिकेत बनलेली, स्वस्तातली होती. त्याची आई ज्यूलिया बँजो वाजवी. तिने त्याला बँजोचेच कॉर्ड शिकवले. त्यामुळे गिटारला सहा तारा असूनही तो बराच काळ चारच तारांच्या हिशेबाने वाजवीत राहिला.

१७/ शिकवणारी पुस्तके फारशी नव्हती, गुरू तर नव्हतेच. गुरू म्हणजे तबकडी. सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, तीच ओळ ऐकायची, बोटे चाचपडायची. पॉल मॅकार्टनीने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणा एकाला ‘बी सेव्हन’ हा कॉर्ड येतो असे कळले, तेव्हा ही मुले बस पकडून तेवढ्यासाठी गेली आणि तो शिकून परत आली.

१८/ एका कॉर्डसाठी बसचा प्रवास! तारवाद्य शिकलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही. बोटे पहिल्यांदा बरोबर जागी पडतात आणि जे इतके दिवस दुसऱ्याच्या तबकडीतून येत होते ते आपल्या मांडीवरच्या लाकडातून ऐकू येते. त्या क्षणी गाणे कोणाचे, हा प्रश्नच मनात नसतो.

१९/ लेननने क्वारी बँक या आपल्या शाळेतील मित्रांना घेऊन ‘क्वारीमेन’ हा गट काढला. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन या उपनगरातील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत तो वाजवीत होता. लेननने त्या दिवशी ‘डेल-व्हायकिंग्ज’ या अमेरिकन गटाचे ‘कम गो विथ मी’ गायले. त्याला त्याचे शब्दच येत नव्हते. मग त्याने ब्लूज गाण्यांतले, तुरुंग-बिरुंगाचे शब्द आपल्या मनाने घुसवून वेळ मारून नेली.

२०/ प्रेक्षकांत पंधरा वर्षांचा मॅकार्टनी होता. शब्द चुकीचे आहेत हे त्याने ओळखले, आणि गाणारा ते किती सहज रचतो आहे हेही त्याच्या ध्यानात आले. नंतर त्याने स्वतः एडी कॉक्रनचे ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ अथपासून इतिपर्यंत, एकही शब्द न गाळता म्हणून दाखवले. एकाला गाणे अचूक येत होते, दुसऱ्याला ते येत नसूनही गाता येत होते. उसन्या गाण्यावर पोसलेल्या हौशी कलावंतांचे हे दोन्ही प्रकार तुमच्या ओळखीत नक्की असतील.

२१/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे कान टवकारावेत, कारण त्याच दिवसाचे एक अव्वल साधन शिल्लक आहे. संध्याकाळी चर्चच्या सभागृहात गट पुन्हा वाजवीत असताना तिथल्याच एका तरुणाने आपल्या ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर ते मुद्रित केले. घरगुती टेपरेकॉर्डर तेव्हा नवलाईची वस्तू होती. दोन गाणी टिकली : डॉनेगनचे ‘पुटिंग ऑन द स्टाइल’, जे त्या सुमारास ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते, आणि एल्व्हिस प्रेस्लीने गाजवलेले ‘बेबी, लेट्स प्ले हाउस’. तेही मुळात आर्थर गंटर या ब्लूज गायकाचे.

२२/ ही टेप तीसहून अधिक वर्षे तशीच पडून होती. १९९४ साली सदबीच्या लिलावात इएमआय कंपनीने ती ७८,५०० पौंडांना घेतली. आवाज इतका खराब की कंपनीने बीटल्सच्या संग्रहात तिचा समावेश केला नाही. तबकडी म्हणून निरुपयोगी, पुरावा म्हणून अनमोल. वहीची पाने पिवळी पडली म्हणून बखर फेकायची नसते.

२३/ आता पुन्हा फिलिप्सांच्या घरी. १९५८पर्यंत गट बदलला होता. सतरा वर्षांचा लेनन, सोळाचा मॅकार्टनी, पंधराचा जॉर्ज हॅरिसन, पियानोवर जॉन ‘डफ’ लो आणि ड्रमवर कॉलिन हँटन. खोक्याचा बास गेला होता, स्किफलची लाट ओसरत होती. होली त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर येऊन गेला होता. दूरचित्रवाणीवर तो दिसला तेव्हा या मुलांचे लक्ष गाण्यापेक्षा त्याच्या बोटांकडेच अधिक होते.

२४/ सगळ्यांसाठी मिळून एकच मायक्रोफोन. ध्वनिमुद्रणात आवाजाचा तोल साधायचा तर कोणी जवळ उभे राहायचे, कोणी लांब. ड्रमचा आवाज फार होतो अशी फिलिप्सांची तक्रार झाली, तेव्हा हँटनने आपल्या ड्रमवर गळपट्टा टाकला. मध्येच चुकले तर दुरुस्तीची सोय नव्हती. सुरू केले की शेवटपर्यंत न्यायचे.

२५/ तबकडीच्या दुसऱ्या बाजूला मुलांनी स्वतःचे गाणे गायले : ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’. श्रेय मॅकार्टनी आणि हॅरिसन यांचे, मुख्य आवाज लेननचा. तेही एल्व्हिसच्या एका गाण्यावरून सुचलेले, असे मॅकार्टनीने सांगितले आहे. गाणे इतके लांबले की तबकडीवरची जागा संपत आली आणि फिलिप्स हातवारे करून ‘आवरा आता’ म्हणून खुणावू लागले, अशी लोची आठवण आहे.

२६/ एकाच तबकडीच्या या दोन बाजू मला फार बोलक्या वाटतात. पहिल्या बाजूला दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे जमवण्याची धडपड. उलटवा, तर त्याच धडपडीतून हाताला लागलेले स्वतःचे काहीतरी. दोहोंतले अंतर तबकडीच्या जाडीइतके.

२७/ प्रत मिळाली एकच. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. अशा तबकडीचा वरचा थर मऊ असतो आणि प्रत्येक वेळी सुई फिरली की तो थोडा झिजतो. म्हणजे ऐकण्याचा आनंद घ्यायचा तर ती वस्तूच थोडीथोडी संपवायची. मुलांनी ठरवले, प्रत्येकाने आठवडाभर घरी ठेवायची. मित्रांना, घरच्यांना ऐकवायची, पुढच्याला द्यायची. आपला आवाज यंत्रातून येताना पहिल्यांदा ऐकणे ही काय चीज आहे, हे ज्याने घरी एखादे गाणे मुद्रित केले आहे त्याला सांगायला नको. आधी लाज वाटते, मग माणूस पुन्हा लावतो.

२८/ या ध्वनिमुद्रणानंतर तीन दिवसांच्या आतच, १५ जुलै १९५८ रोजी, लेननची आई ज्यूलिया मोटारीच्या धडकेने मरण पावली. बँजोचे कॉर्ड तिने दिले होते.

२९/ तबकडी फिरत फिरत डफ लोकडे आली आणि तिथेच राहिली. वीसहून अधिक वर्षे. १९८१ साली मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली आणि मोजक्या प्रती काढून आप्तमित्रांना वाटल्या. १९९५च्या ‘अँथॉलॉजी १’ या संग्रहातून ती दोन्ही गाणी अखेर सर्वांसाठी खुली झाली. ऐकून पाहा. खरखर आहे, आवाज दबलेले आहेत. तरीही दोन मुले एकमेकांचा सूर शोधीत आहेत हे स्पष्ट कळते.

३०/ पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून दोनच आकडे. १ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीत दिलेल्या चाचणीत बीटल्सने पंधरा गाणी गायली; बारा दुसऱ्यांची होती. कंपनीने त्यांना नाकारले. १९६३च्या त्यांच्या पहिल्या दीर्घ तबकडीवर चौदा गाणी होती. त्यांतली सहा दुसऱ्यांची. ज्यांना आपण स्वतंत्र गीतरचनेचे मानदंड समजतो, त्यांच्या वहीत इतकी उसनवारी होती.

३१/ पण हा धागा मी त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. शेवट माहीत असला की आपण प्रत्येक आरंभाला त्या शेवटाची पायरी समजू लागतो. इतिहासलेखनातला हा जुना मोह आहे. शिवनेरीवरच्या बाळाच्या वर्णनात राज्याभिषेक आधीच डोकावू लागतो, तसाच. फिलिप्सांच्या घरी गेलेल्या मुलांना पुढचे काहीही ठाऊक नव्हते. त्यांना हवी होती ती हातात धरता येईल अशी एक तबकडी.

३२/ त्या तीस-पन्नास हजार टोळक्यांतली बहुतेक मुले पुढे कारकून, गवंडी, शिक्षक झाली. त्यांच्या गाण्यांच्या ना टेपा उरल्या, ना लिलाव झाले. त्यांचा तो आनंद पुढे कशाच्या कामी आला नाही म्हणून इतिहासाने तो वाया गेला असे समजावे का? मला तसे वाटत नाही. क्वारीमेनमध्येच पाहा ना. पीट शॉटन वॉशबोर्ड वाजवी. त्याला गट सोडायचा होता, तेव्हा लेननने तोच वॉशबोर्ड त्याच्या डोक्यावर फोडून प्रश्न मिटवला. हँटन लाकडी सामानाला गाद्या-कापड चढवण्याच्या व्यवसायात राहिला. बँजोवादक रॉड डेव्हिस शिकायला निघून गेला.

३३/ १९९७ साली वूल्टनच्या त्या जत्रेला चाळीस वर्षे झाली, म्हणून हे जुने सवंगडी पुन्हा जमले. साठीच्या उंबरठ्यावरची माणसे, तोच वॉशबोर्ड-ठेका, तीच डॉनेगनची आणि लेड बेलीच्या परंपरेतली गाणी. एका दिवसापुरते जमायचे ठरले होते. पण ते वाजवीत राहिले, देशोदेशी हिंडले आणि २००४ साली त्यांनी एक सीडी मुद्रित केली. नाव ठेवले ‘साँग्ज वी रिमेंबर’, म्हणजे आम्हाला आठवणारी गाणी.